‘सवय होणे’ एवढ्यात न मावणारे क्रियापद: धरमपेठेतील एका रविवारच्या इंग्रजी वर्गाविषयी

गेल्या दिवाळीच्या सुमारास एका भाडेपट्ट्याचा इंग्रजी दस्त मराठीत करून देण्याचे काम माझ्याकडे आले. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये वकिली करणाऱ्या दोन-तीन जणांसाठी मी गेली अकरा वर्षे अशी भाषांतरे करते, त्यामुळे दस्ताच्या शेवटी येणारी ठरावीक कलमे मला जवळजवळ पाठ आहेत. या दस्तात मात्र शेवटच्या कलमात ‘इन्युअर’ हे क्रियापद होते, आणि हा करार उभय पक्षांच्या वारसांच्या लाभाकरिता ‘इन्युअर’ होईल, अशी वाक्याची रचना होती. माझ्या टेबलावरच्या कोशात त्या शब्दापुढे ‘सवय होणे, सरावणे’ असा अर्थ दिलेला होता. घाईत होते, शेवटचे पान होते, आणि मी लिहून मोकळी झाले की ‘सदर कराराच्या लाभाची वारसांना सवय होईल’. दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांचा फोन आला. ते हसू आवरत म्हणाले, “ताई, वारसांना कशाची सवय लावून राहिल्या तुम्ही?” दस्त नोंदणीला जाण्यापूर्वी चूक पकडली गेली म्हणून नुकसान झाले नाही, पण लाज वाटायची ती वाटलीच.

त्या लाजेपोटी मी धरमपेठेतील एका इंग्रजी शब्दवर्गात नाव घातले. एप्रिल-मे महिन्यांतल्या आठ रविवारी, सकाळी साडेसात ते दहा, असा तो वर्ग होता आणि शुल्क ३,२०० रुपये होते. एक निवृत्त प्राध्यापक आपल्या घराच्या वरच्या मजल्यावर तो चालवतात. वर्गाचे आणि सरांचे नाव मी येथे देत नाही, कारण काही दोषही स्पष्टपणे सांगायचे आहेत आणि वर्ग घरगुती स्वरूपाचा आहे. बर्डीवरच्या फलकांवर ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’ असे जे आश्वासन दिसते, तसे काही येथे दिले जात नाही, हे मात्र आधीच सांगून ठेवते. येथे एका रविवारी एक शब्दकुटुंब घेतले जाते आणि अडीच तास त्याचीच चिरफाड चालते. आठांपैकी दोन रविवार ‘सरावणे’ या अर्थाच्या इंग्रजी क्रियापदांना दिलेले होते. इतर सहा रविवारही बरे गेले, परंतु मी ज्यासाठी पैसे भरले होते ते या दोन दिवसांत मिळाले, म्हणून हे परीक्षणही मुख्यतः त्यांच्याविषयीच आहे.

पहिल्या दिवशी सरांनी ‘यूज्ड टू’ घेतले. शाळेत हे सातवी-आठवीतच होऊन गेलेले असते, त्यामुळे वर्गातल्या चौदा जणांपैकी बहुतेकांच्या चेहऱ्यावर थोडी नाराजी होती. सरांनी कोणालाही व्याख्या विचारली नाही. आमच्यातले एक निवृत्त शिक्षक लेकीकडे परदेशी जाणार होते; त्यांना सरांनी डॉक्टरपुढे बसल्याची कल्पना करायला लावली आणि रोज कोणती औषधे घेता ते इंग्रजीत सांगा, असे म्हटले. काकांनी ठामपणे सांगितले, ‘आय यूज्ड टू टेक वन टॅब्लेट फॉर बीपी.’ सर म्हणाले, “काका, तुमची गोळी बंद झाली असे तिथल्या डॉक्टरांनी लिहून घेतले.” वर्ग एकदम गप्प झाला, कारण आमच्यातला प्रत्येक जण हे वाक्य असेच बोलला असता.

घोटाळ्याचे मूळ सरांनी इंग्रजी व्याकरणातून समजावले, पण ते मला आपल्याच शाळेतल्या व्याकरणावरून अधिक पटले. मराठीत ‘मी गोळी घेत असतो’ हा रीतिवर्तमानकाळ आहे आणि ‘मी गोळी घेत असे’ किंवा बोलण्यातले ‘घ्यायचो’ हा रीतिभूतकाळ आहे. दोन्हींमध्ये रीत, म्हणजे नेहमीचा परिपाठ, क्रियापदाच्या रूपातूनच कळतो. इंग्रजीचा ‘यूज्ड टू’ फक्त दुसऱ्याचे काम करतो. पहिल्यासाठी त्यांना साधा वर्तमानकाळ पुरतो. आपल्याला मात्र साध्या वर्तमानकाळात ती ‘नेहमीपणा’ची चव लागत नाही, म्हणून आपण तिथे ‘यूज्ड टू’ आणून बसवतो आणि चालू असलेली गोष्ट नकळत भूतकाळात ढकलून देतो. ‘असतो’ आणि ‘असे’ यांतला फरक तीन वर्षांच्या मराठी मुलालाही चुकत नाही. तोच फरक पन्नाशीतली माणसे इंग्रजीत चुकवतात, ही गंमतच आहे.

यानंतर आली त्याच चेहऱ्याची, पण वेगळ्या घरातली रचना: ‘आय अ‍ॅम यूज्ड टू’. येथे ‘टू’ हे शब्दयोगी अव्यय आहे, त्यामुळे त्यानंतर नाम किंवा ‘इंग’कारान्त रूपच येते. ‘आय यूज्ड टू वेट’ म्हणजे मी वाट पाहायचो. ‘आय अ‍ॅम यूज्ड टू वेटिंग’ म्हणजे वाट पाहणे मला आता नवे राहिलेले नाही. पहिल्यात क्रिया संपलेली आहे, तर दुसऱ्यात क्रिया चालूच आहे आणि तिचा त्रास तेवढा संपलेला आहे. ‘अ‍ॅम’च्या जागी ‘गेट’ घातले की त्रास संपण्याची वाटचाल कळते. माझ्या स्वतःच्या जुन्या अर्जांत ‘आय अ‍ॅम यूज्ड टू प्रिपेअर’ असे वाक्य कितीतरी वेळा सापडेल, आणि त्याचा अर्थ नीट लावायचा झाला तर कागदपत्रे तयार करण्यासाठी माझा वापर करतात, असाच लावावा लागेल. उच्चाराचाही एक बारकावा सरांनी दाखवला. सवयीच्या अर्थी हा शब्द ‘यूस्टू’ असा, मधला ‘झ’ गिळून उच्चारला जातो. वापरण्याच्या अर्थी तो ‘यूझ्ड’ असतो. हा फरक मी यापूर्वी कानांनी ऐकला असणार, पण ध्यानात कधीच घेतला नव्हता.

मात्र याच ठिकाणी सरांनी एक प्रश्न अर्धवट सोडला, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. आपली मुळातली अडचण ‘सवय’ या शब्दातच आहे. ‘मला पहाटे उठायची सवय आहे’ आणि ‘मला थंडीची सवय आहे’ ही दोन्ही वाक्ये आपण एकाच साच्यात घालतो. पहिल्यात मी काहीतरी करते. दुसऱ्यात मी काहीतरी सोसते. इंग्रजीत पहिल्याला ‘हॅबिट’ म्हणतात, पण दुसऱ्याला ‘हॅबिट’ म्हणता येत नाही. ‘आय हॅव हॅबिट ऑफ कोल्ड’ हे वाक्य वर्गातील दोघांनी वहीत लिहिले होते आणि सरांनी ते केवळ लाल रेघ मारून परत केले. शिवाय मराठीत सवय मला ‘असते’ किंवा ‘लागते’. म्हणजे वाक्याचा कर्ता सवय असते आणि माणूस चतुर्थीत एका बाजूला उभा असतो. इंग्रजीत माणसालाच कर्त्याच्या जागी यावे लागते. या दोन गोष्टी फळ्यावर शेजारी शेजारी लिहिल्या असत्या, तर निम्म्या चुका त्याच सकाळी संपल्या असत्या, असे मला वाटते.

पुढच्या रविवारी मी ज्याची वाट पाहत होते तो शब्द आला. सरांनी ‘अकस्टम’, ‘हॅबिच्युएट’, ‘अ‍ॅक्लिमटाइज’ आणि ‘इन्युअर’ असे चार शब्द फळ्यावर लिहिले. ‘अकस्टम’ सर्वांत सौम्य, चांगल्या-वाईट कशालाही चालणारा, आणि मुळात ‘कस्टम’ म्हणजे रूढी या शब्दाच्या घरचा आहे. नाटकातला ‘कॉश्च्युम’ही त्याच घराण्यातला आहे, ही जोड माहिती वर्गाला फार आवडली. ‘अ‍ॅक्लिमटाइज’ हवामानाशी, उंचीशी, नव्या मुलखाशी बांधलेला आहे, आणि अमेरिकेत त्याच कामासाठी ‘अ‍ॅक्लिमेट’ हे आखूड रूप अधिक चालते. ‘हॅबिच्युएट’ बोलण्यात क्वचित येतो, शास्त्रीय लिखाणात वारंवार येतो. तेथे त्याचा नेमका अर्थ असा की एखादी निरुपद्रवी गोष्ट पुन्हा पुन्हा घडली की मज्जासंस्था तिला दाद देणे कमी करते. समुद्रात राहणाऱ्या ‘अ‍ॅप्लिशिया’ नावाच्या गोगलगायीला हलका स्पर्श केला की ती आपला कल्ला आत ओढून घेते, आणि तोच स्पर्श वारंवार केला की तिचे आत ओढून घेणे कमी कमी होत जाते. एरिक कँडल यांनी या प्राण्यावर केलेल्या स्मृतिविषयक कामाला २००० सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

हे सांगत असतानाच वीज गेली आणि खिडकीतला कूलर थांबला. वर्ग सुरू झाल्यापासून तो घरघरत होता, पण मिहान या नागपूरच्या उद्योगक्षेत्रातल्या नोकरीसाठी पुण्याहून नुकतीच आलेली एक मुलगी सोडली तर त्याचा आवाज आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आला नव्हता. तो थांबला तेव्हा मात्र सगळ्यांनी एकदम मान वर केली. सर त्या मुलीकडे पाहून म्हणाले, “बेटा, हे सगळे हॅबिच्युएट झालेले आहेत, तू अजून नाहीस.” ठरवून असा पाठ घेता आला नसता. (वीज पाऊण तासाने आली. घरात इन्व्हर्टर नाही, ही एप्रिल-मेच्या वर्गासाठी गंभीर उणीव आहे.)

‘इन्युअर’ला सरांनी जवळजवळ दीड तास दिला, आणि माझे ३,२०० रुपये त्या दीड तासातच वसूल झाले. हा शब्द सुखाच्या गोष्टीला लागत नाही. मऊ गादीला, चांगल्या जेवणाला किंवा कौतुकाला माणूस ‘इन्युअर’ होत नाही; थंडी, भूक, टीका, कष्ट, हिंसाचार, आवाज, अपमान अशाच गोष्टींना होतो. दुसरे म्हणजे तो बहुधा कर्मणी रूपात येतो, कारण माणूस स्वतःहून असा घडत नाही, परिस्थिती त्याला घडवते; स्वतःला मुद्दाम घडवायचे असेल तर ‘इन्युअर वनसेल्फ’ अशी आत्मवाचक रचना करावी लागते. तिसरे म्हणजे त्याच्या पाठोपाठ ‘टू’ येतो, आणि हा ‘टू’सुद्धा शब्दयोगीच असल्याने पुढे पुन्हा नाम किंवा ‘इंग’कारान्त रूपच हवे. चौथी गोष्ट सरांनी फळ्यावर लिहिली नाही, बोलता बोलता सांगितली, आणि मला तीच सर्वांत मोलाची वाटली: ‘अकस्टम्ड’ माणसाला गोष्ट ओळखीची झालेली असते, ‘इन्युअर्ड’ माणसाला ती लागेनाशी झालेली असते. म्हणूनच हा शब्द एकदा कौतुकाचा होतो आणि एकदा खेदाचा. सैनिक थंडीला ‘इन्युअर्ड’ असेल तर ती शाबासकी आहे. वाचक अपघाताच्या बातम्यांना ‘इन्युअर्ड’ झाला असेल तर ती तक्रार आहे.

आणि मग माझ्या भाडेपट्ट्याची उकल झाली. या शब्दाच्या पोटात ‘युअर’ नावाचा, आता इंग्रजीतून नाहीसा झालेला एक शब्द आहे. त्याचा अर्थ वापर, काम, वहिवाट. तो फ्रेंचमधून आला आणि त्याच्यामागे लॅटिनमधला ‘ओपेरा’, म्हणजे काम, हा शब्द आहे. ‘ऑपरेट’ त्याच मुळाचा, आणि शेतात घालायच्या खताचा ‘मॅन्युअर’ही त्याच मुळाचा, कारण मुळात त्याचा अर्थ हातांनी जमीन कसणे असा होता. तेव्हा ‘इन्युअर’ म्हणजे वापरात आणणे. माणूस एखाद्या कष्टाच्या वापरात आला की तो सरावतो, घट्ट होतो. आणि करार किंवा हक्क वापरात आला की तो अंमलात येतो, कोणाच्या तरी पदरात पडतो. कायद्याचा अर्थ आणि रोजचा अर्थ या दोन फांद्या एकाच खोडाला फुटलेल्या आहेत. ब्रिटिश आणि भारतीय कायदेशीर लिखाणात हा शब्द बहुधा ‘ई’ने सुरू होणाऱ्या वर्णलेखनाने येतो, अमेरिकी लिखाणात ‘आय’ने. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रांत-वऱ्हाडाची, पुढे मध्य प्रदेशाची राजधानी होते आणि १९३६ पासून येथे स्वतंत्र उच्च न्यायालय होते, त्यामुळे येथल्या जुन्या घराण्यांच्या कपाटांत इंग्रजी दस्तांची कमतरता नाही. अशा कागदांवर काम करणाऱ्याने दोन्ही वर्णलेखने ओळखायला हवीत.

सर हे सांगत होते तेव्हा माझ्या डोक्यात ‘वहिवाट’ हा शब्द घोळू लागला होता. आपल्याकडे वहिवाट म्हणजे रूढ वापर, पडलेली पद्धत. आणि तोच शब्द महसुली कागदांत जमिनीच्या ताब्याला व वापराला, पायवाटेच्या हक्काला लागतो. वापर, सवय आणि कायदा या तिन्ही गोष्टी एका शब्दात बांधण्याची युक्ती आपल्या भाषेलाही सुचलेली आहे. मी हे वर्गात बोलून दाखवले, तेव्हा सरांनी ते आपल्या वहीत टिपून घेतले, हे येथे नोंदवले पाहिजे. विद्यार्थ्याकडून काही घेण्याची अशी तयारी मी फार थोड्या शिकवणाऱ्यांत पाहिली आहे.

एका उदाहरणावर मात्र माझे सरांशी जमले नाही. ‘नागपूरचे लोक उन्हाला इन्युअर्ड आहेत’ हे वाक्य त्यांनी आदर्श म्हणून दिले आणि वर्गाने अभिमानाने उतरवून घेतले. मला ते चूक वाटते, आणि त्यांच्याच चौथ्या गोष्टीच्या कसोटीवर चूक वाटते. ज्या गावात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला, त्या गावातल्या लोकांना ऊन ‘लागेनासे’ झाले असते, तर मार्चपासूनच वाळ्याच्या ताट्या बदलण्याची, कूलरच्या टाक्या धुण्याची, पन्ह्यासाठी कैऱ्या उकडण्याची आणि खिशात कांदा ठेवण्याची धावपळ कोणी केली असती? दुपारी इतवारीत जायचे म्हटले तर आजही घरातले मोठे माणूस दारात आडवे उभे राहते. आम्हाला ऊन लागते, चांगलेच लागते, आणि आम्ही त्याची तक्रार सबंध मे महिना करतो. आमचे शरीर ‘अ‍ॅक्लिमटाइज’ होते हे खरे: उन्हात वावरणाऱ्या माणसाच्या शरीरात आठवड्या-दोन आठवड्यांत रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर फुटू लागतो आणि त्यातून जाणारे मीठ कमी होते. परंतु काही आठवडे गारव्यात काढले की हे सारे ओसरते, म्हणून दर उन्हाळ्यात शरीराला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. उरलेले काम आमच्या चालीरीती करतात, आणि त्यासाठी ‘अकस्टम्ड’ हा शब्द आहे. मी हे सांगितल्यावर सर म्हणाले की साहित्यात अशी अतिशयोक्ती चालते. चालत असेल, पण शब्दांची धार शिकवणाऱ्या वर्गातील आदर्श वाक्य साहित्यातल्या सवलतीवर उभे असू नये.

आता पुस्तिकेविषयी. शुल्कात चौसष्ट पानांची, स्पायरल बांधणीची एक पुस्तिका मिळते. इंग्रजी शब्द, मराठी अर्थ आणि उदाहरण असे तिचे तीन रकाने आहेत. पहिला आणि तिसरा रकाना मेहनतीने केलेला आहे. मधला रकाना वाचून मात्र मला वाईट वाटले. वर सांगितलेल्या चारही क्रियापदांपुढे ‘सवय होणे’ असेच छापलेले आहे. ‘इन्युअर’पुढे त्याला ‘(त्रासाची)’ अशी कंसातली शेपटी तेवढी जोडलेली आहे. ज्या शिक्षकाने फळ्यावर एवढे बारकावे उभे केले, त्यानेच मराठीच्या बाजूला इतकी कंजुषी करावी, याचे आश्चर्य वाटते. मराठीत या अर्थाच्या शब्दांचा तुटवडा आहे म्हणावे, तर उलट गर्दीच आहे. नवी सून किंवा नवा कारकून ‘रुळतो’, आणि त्यात सुख असते. एखादे काम ‘अंगवळणी पडते’, त्यात ना सुख ना दुःख. उन्हातान्हात हिंडणारा ‘रापतो’. राजकारणी ‘मुरतो’, आणि त्याच्या मुरण्याला लोणच्याचा वास असतो. शिक्षा भोगून भोगून गुन्हेगार ‘निर्ढावतो’, बोलणी खाऊन खाऊन पोर ‘कोडगे’ होते, आणि या दोन्ही शब्दांत बोलणाऱ्याचा राग उघड दिसतो. हाताला ‘घट्टे पडतात’ आणि संवेदना ‘बोथट’ होते. ‘सरावणे’ या सर्वांच्या मध्ये तटस्थ उभे आहे.

‘इन्युअर’साठी यांतला कोणताही एक शब्द सर्वत्र चालणार नाही, आणि भाषांतर करणाऱ्याला नेमके हेच कोणीतरी सांगायला हवे असते. थंडीची गोष्ट असेल तर ‘थंडीला सरावलेला’ असे लिहावे. हिंसाचाराची असेल तर ‘सरावलेला’ म्हणताच तो माणूस स्वतः हिंसा करतो की काय असे वाटू लागते; तेथे ‘हिंसाचार पाहून मन बोथट झालेला’ असे जरा लांब लिहिणे बरे. टीकेला ‘इन्युअर्ड’ असलेल्या माणसाविषयी बोलीत ‘त्याच्या अंगाला काही भोके पडत नाहीत’ म्हटले की काम भागते, आणि अधिक कडवटपणा हवा असेल तर ‘मेलेले कोंबडे आगीला भीत नाही’ ही म्हण तयारच आहे. ‘निर्ढावलेला’ मात्र जपून वापरावे, कारण इंग्रजी शब्दात दोष दिलेला नसताना आपण तो पदरचा घालतो. असा एखादा परिच्छेद पुस्तिकेत घातला असता तरी मधल्या रकान्याची भरपाई झाली असती. मी माझ्या प्रतीत पेन्सिलीने या नोंदी करून ठेवल्या आहेत. समासात जागा पुरली नाही, म्हणून मागच्या कोऱ्या पानांवर गेले.

बाकीच्या व्यवस्थेबद्दल थोडक्यात सांगते. दोन जिने चढावे लागतात आणि कठडा एकाच बाजूला आहे, तेव्हा गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करून यावे. गाडी लावायला गल्लीत जागा मिळते, पण नऊनंतर मिळत नाही. मध्यंतरात चहा असतो, आणि शेवटच्या रविवारी सरांच्या पत्नींनी तर्री-पोहे केले होते, त्यांना मात्र नाव ठेवायला जागा नाही. मोबाइलवर गट आहे, त्यावर गृहपाठ येतो, तपासून मात्र तो दोन-दोन आठवड्यांनी परत मिळतो. चुकलेला रविवार भरून देण्याची सोय नाही. ज्यांना मुलाखतीपुरते बोलता यायला हवे आहे त्यांचा येथे हिरमोड होईल, कारण आठ रविवारांत आम्ही सलग संभाषण असे फार तर दोनदा केले. लिहिणारे, भाषांतर करणारे, न्यायालयात किंवा कार्यालयात इंग्रजी मसुदे हाताळणारे, आणि परदेशी डॉक्टरांपुढे बसण्याची वेळ येणारे यांनी हा वर्ग जरूर करावा. पाचपैकी गुण द्यायचे झाले तर मी चार देईन. एक गुण मधल्या रकान्याचा कापला आहे, आणि इन्व्हर्टरचा कापायचा होता, पण तो पोह्यांनी वाचला.

तो भाडेपट्टा मी नंतर पुन्हा काढून पाहिला. दुरुस्त वाक्य वकीलसाहेबांनीच घातलेले होते: ‘सदर करार उभय पक्षांवर व त्यांच्या वारसांवर बंधनकारक राहील.’ आता वाचताना लक्षात आले की त्यात बंधन आले आहे, पण लाभ राहून गेला आहे. मूळ इंग्रजी वाक्यात दोन्ही होते. मी त्यांना फोन करून ‘आणि त्यांच्या लाभाकरिता अंमलात राहील’ एवढे शब्द सुचवले. त्यांनी क्षणभर थांबून, पुढच्या दस्तापासून तसे करू या, असे सांगितले. सरांनी माझी पेन्सिलीने भरलेली पुस्तिका झेरॉक्ससाठी मागून घेतली आहे. ती अजून परत आलेली नाही.